ग्रंथाचें कुलूप

जुन्या मराठी पुस्तकांत सर्व हक्क ग्रंथकर्त्यानें आपल्या स्वाधीन ठेविल्याची एक ओळ छापलेली असे. वाचकांनीं ती क्वचितच वाचली असेल. परंतु तिच्यामागें इंग्लंडांतील १७१० च्या कायद्यापासून चालत आलेली एक तडजोड आहे. ॲन राणीच्या कारकीर्दींतील त्या कायद्यानें नव्या ग्रंथाच्या छपाईचा हक्क ग्रंथकर्त्यास १४ वर्षें दिला, आणि मुदतीअखेर तो हयात असल्यास आणखी १४. मुदत सरली कीं ग्रंथ सर्वांचा. शिवाय हक्क होता तो छापण्याचा. विकत घेतलेली प्रत वाचकानें कशी वाचावी, कोणास द्यावी, यांत कायदा हात घालीत नसे.

कागद जाऊन पडदा आला आणि ही तडजोड बिघडली. संगणकावरील ग्रंथाच्या नकलेस ना खिळे लागतात, ना शाई. मार्च २००० मध्यें स्टीफन किंग या अमेरिकन कादंबरीकाराची एक दीर्घकथा केवळ ई-पुस्तकरूपानें निघाली. तिचें सांकेतिक कुलूप थोड्याच दिवसांत फुटलें आणि फुकट प्रती फिरूं लागल्या. तेव्हां ग्रंथकारांची भीति खोटी होती असें आम्ही म्हणणार नाहीं.

परंतु अमेरिकेनें १९९८ सालींच जो उपाय योजिला होता, तो आम्हांस विलक्षण वाटतो. ग्रंथाची चोरी दूरच, कुलूप उघडण्याचें साधन विकणें हाच त्या कायद्यानें गुन्हा ठरविला. जुलै २००१ मध्यें दिमित्री स्क्ल्यारोव्ह हा रशियन तरुण लास व्हेगास येथील परिषदेंत ई-पुस्तकांच्या सुरक्षिततेवर व्याख्यान देऊन परत निघाला असतां पकडला गेला. मॉस्कोच्या ज्या कंपनींत तो नोकर होता, ती ॲडोबीच्या ई-पुस्तकांचें कुलूप काढणारी आज्ञावली विकीत असे. एखादा ग्रंथ त्यानें चोरला, असा आरोपच नव्हता! स्वतः विकत घेतलेल्या पुस्तकाची राखीव प्रत काढणाऱ्यास, किंवा तें यंत्राकडून मोठ्यानें वाचून घेऊं पाहणाऱ्या अंधासही तीच किल्ली उपयोगी पडे. सुमारें तीन आठवडे तो तुरुंगांत होता. निदर्शनें झालीं, ॲडोबीनें माघार घेतली. सरकारनें मात्र कंपनीवर खटला चालविलाच. डिसेंबर २००२ मध्यें ज्यूरीनें तिला निर्दोष सोडलें. कायदा जेथल्या तेथें राहिला.

या कुलुपाची दुसरी किल्ली विक्रेत्याकडे असते, हें जुलै २००९ मध्यें उघड झालें. अमेझॉननें विकलेलीं कांहीं ई-पुस्तकें, तीं पुरविणारास अमेरिकेंत प्रकाशनाचा हक्क नव्हता असें कळतांच, गिऱ्हाइकांच्या किंडल या वाचनयंत्रांतून दुरूनच पुसून टाकलीं आणि पैसे परत केले. ग्रंथ कोणाचे? जॉर्ज ऑर्वेलचे! त्यांत 'नाइन्टीन एटी-फोर' होता. गैरसोयीचे कागद भट्टींत लोटणाऱ्या राजवटीची कथा ती हीच. हक्कधारकाची तक्रार रास्त होती, हें खरें. पण कागदी प्रत चोरीच्या छपाईची निघाली, म्हणून दुकानदार रात्रीं घरांत शिरून ती कपाटांतून उचलून नेत नाहीं. पुढें कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनीं जाहीर माफी मागितली.

आपल्याकडे १९५७ च्या कायद्यांत २०१२ सालीं ६५-अ हें कलम आलें. हक्कभंगाच्या हेतूनें कुलूप मोडणाऱ्यासच तें दोन वर्षांपर्यंत कैद सांगतें, ही हेतूची अट आम्हांस शहाणपणाची वाटते. मात्र विक्रेत्यानेंच विकलेलें पुस्तक परत ओढून घेतलें तर वाचकानें काय करावें, याविषयीं तें कलम मुकें आहे.