तेरा दिवसांचा पेच आणि एका महिन्याचे युद्ध

ऑक्टोबर १९६२ म्हटले की जगाला क्यूबा आठवतो आणि आपल्या फौजेला नामका चू. १६ ते २८ ऑक्टोबर हे तेरा दिवस अमेरिका आणि सोव्हिएत रशिया अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर उभे होते. त्याच दिवसांत, २० ऑक्टोबरच्या पहाटे, चीनने नेफा आणि लडाख या दोन्ही आघाड्यांवर आपल्यावर हल्ला केला. दोन्ही घटनांवर चित्रपट निघाले. एक हॉलिवूडचा 'थर्टीन डेज' (२०००), दुसरा चेतन आनंद यांचा 'हकीकत' (१९६४). पलटणीतल्या तरुण अधिकाऱ्यांना आणि जेसीओंना आंतरराष्ट्रीय राजकारण समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली, तेव्हा मी हे दोन चित्रपट जोडीने दाखवायला सुरुवात केली. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

चित्रपट कशाला, पुस्तके नाहीत का, असे काही जण विचारतात. पुस्तके आहेतच. पण लडाखमधल्या चौकीवर दिवसभर गस्त घालून आलेल्या माणसाच्या हातात जाडजूड ग्रंथ ठेवला तर तो उशाला जातो. पडद्यावरचा माणूस मात्र निर्णय घेताना कसा घाम पुसतो, हे पाहिले की पाहणाराही त्याच्यासोबत विचार करू लागतो. आता याच्या जागी मी असतो तर? शिकवणाऱ्याला एवढाच प्रश्न हवा असतो.

'थर्टीन डेज' व्हाइट हाउसच्या खोल्यांत घडतो. क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे सापडली आहेत. सेनाप्रमुखांना हवाई हल्ला हवा आहे, अध्यक्ष केनेडींना वेळ हवा आहे. या चित्रपटातून तीन गोष्टी स्पष्ट शिकवता येतात. पहिली म्हणजे शब्दांची ताकद. समुद्रात जहाजे अडवायची, पण त्याला 'नाकेबंदी' म्हणायचे नाही, कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी ही युद्धाची कृती ठरते. म्हणून 'क्वारंटीन' हा शब्द शोधला गेला. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक हालचाल हा समोरच्याला दिलेला निरोप असतो. नौदलाच्या नियंत्रण कक्षात संरक्षणमंत्री मॅकनामारा आणि ॲडमिरल यांच्यात खडाजंगी होते, तो प्रसंग मी थांबवून थांबवून दाखवतो. ॲडमिरलच्या दृष्टीने ती नेहमीची नौदल कारवाई आहे. मॅकनामाराच्या दृष्टीने ते केनेडी आणि ख्रुश्चेव्ह यांचे बोलणे आहे. सीमेवर झेंडा घेऊन समोरच्या तुकडीसमोर उभे राहिलेल्या आपल्या जवानाला हा फरक पटकन कळतो. तिसरी गोष्ट म्हणजे शत्रूला माघारीची वाट ठेवणे. क्यूबावर हल्ला करणार नाही, हे वचन अमेरिकेने उघडपणे दिले. तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रे हलवण्याचे आश्वासन मात्र २७ ऑक्टोबरच्या रात्री रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांना गुपचूप दिले. ते कित्येक वर्षे लपवून ठेवले गेले.

पण चित्रपट जसाच्या तसा गिळायचा नसतो. केविन कॉस्टनरने रंगवलेल्या केनेथ ओ'डॉनेलला या पेचात जेवढे महत्त्व दिले आहे, तेवढे प्रत्यक्षात नव्हते. खुद्द मॅकनामारांनीच त्यावर आक्षेप घेतला होता. त्याहून मोठी उणीव म्हणजे मॉस्को आणि हवाना पडद्यावर जवळजवळ नाहीतच. २७ ऑक्टोबरलाच क्यूबाजवळच्या बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीवर अण्वस्त्रधारी टॉर्पेडो डागण्याची गोष्ट निघाली होती आणि वासिली अर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने त्याला विरोध केला, हे चित्रपटात येत नाही. क्यूबात ४०,०००हून अधिक सोव्हिएत सैनिक होते, रणभूमीवर वापरायची छोटी अण्वस्त्रेही होती, आणि अमेरिकी सेनापतींना याची कल्पना नव्हती. त्यांचे ऐकून हल्ला झाला असता तर काय घडले असते, याचा विचार विद्यार्थ्यांनी चित्रपट संपल्यावर करायचा.

'हकीकत' बरोबर उलट्या टोकाला उभा आहे. इथे खोल्या नाहीत, टेबले नाहीत. बर्फ, दगड, मोजकी काडतुसे आणि मागे हटत लढणारी एक तुकडी आहे. बलराज साहनी, धर्मेंद्र, लडाखची खरी जमीन. आधी गोळी चालवायची नाही, या हुकुमाने बांधलेला जवान त्यात दिसतो. युद्धानंतर दोनच वर्षांनी हा चित्रपट आला, तेव्हा जखम ओली होती. देशाला धीर हवा होता, तो त्याने दिला. मात्र जवान तिथे इतक्या तुटपुंज्या तयारीने का उभा होता, याचे उत्तर त्यात नाही. शत्रूलाही चेहरा नाही. त्याला काय हवे होते, तो तेव्हाच का आला, हे प्रश्न पडद्याबाहेर राहतात.

म्हणून दोन्ही चित्रपट झाले की मी फळ्यावर दोन रकाने आखतो. डावीकडे क्यूबा, उजवीकडे हिमालय. २२ ऑक्टोबर : डावीकडे केनेडींचे दूरचित्रवाणीवरचे भाषण, उजवीकडे नामका चूवर लढलेल्या ७ ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडियर जॉन दळवी चिन्यांच्या कैदेत. २४ ऑक्टोबर : डावीकडे समुद्रातले क्वारंटीन सुरू, उजवीकडे आपण तवांग सोडतो. २८ ऑक्टोबर : ख्रुश्चेव्ह क्षेपणास्त्रे परत न्यायला तयार. २९ ऑक्टोबर : नेहरू अमेरिकी राजदूत गालब्रेथ यांच्याकडे शस्त्रांची मदत मागतात.

मग मधला एक दिवस भरतो, २५ ऑक्टोबर. त्या दिवशी मॉस्कोच्या 'प्रावदा'ने सीमाप्रश्नावर चीनची बाजू उचलून धरली. त्याच वर्षी आपल्याला मिग-२१ विमाने द्यायचे कबूल केलेला हाच तो रशिया.

इथे एकदा आमच्या सुभेदार साहेबांनी हात वर केला. "साहेब, रशिया तर आपला दोस्त. मग नेमका त्याच आठवड्यात त्यानं पाठ का फिरवली?"

मी म्हटले, "डावीकडचा रकाना वाचा, साहेब."

त्यांनी वाचला आणि थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे त्याच्याच घराला आग लागली होती."

इतके नेमके उत्तर मी दिले नसते. अमेरिकेशी युद्ध पेटण्याची भीती असताना मॉस्कोला साम्यवादी गोटात फूट परवडणारी नव्हती. क्यूबाचा पेच सुटला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच 'प्रावदा'चा सूर पुन्हा मध्यावर आला. चीनने हल्ल्याची वेळ क्यूबा पाहून ठरवली का, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण मॉस्कोचे तोंड त्या आठवड्यात का बंद झाले, हे दोन रकाने शेजारी ठेवल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. दोस्ती खोटी नसते. ती दोस्ताच्या त्या दिवशीच्या अडचणीएवढीच पुरते.

अमेरिकेचेही तेच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिची शस्त्रे विमानांनी येऊ लागली. १८ नोव्हेंबरला चुशूलजवळ रेझांग ला येथे १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, मेजर शैतान सिंह यांच्या नेतृत्वाखाली, जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. १९ नोव्हेंबरला नेहरूंनी केनेडींकडे लढाऊ विमानांची स्क्वाड्रन्स मागितली. २१ तारखेला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. पुढे मदतीबरोबर पाकिस्तानशी काश्मीरवर बोला, हा आग्रहही आला आणि डिसेंबर १९६२ ते मे १९६३ स्वर्णसिंग-भुट्टो चर्चेच्या सहा फेऱ्या झाल्या. हाती काही लागले नाही. कृष्ण मेनन यांच्या जागी संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेल्या यशवंतराव चव्हाणांची आठवण महाराष्ट्र अभिमानाने काढतो. त्यांच्यापुढे टेबलावर हे सगळे हिशेब होते, हेही त्या आठवणीबरोबर सांगायला हवे.

जवानाला हे कळून काय उपयोग, त्याने हुकूम पाळावा, असे म्हणणारे मला भेटले आहेत. माझे उत्तर असे. आजचा तरुण कॅप्टन समोरच्या फौजेशी सीमेवर रोज बोलतो. त्याचे एक पाऊल, एक धक्काबुक्की, मोबाइलवर काढलेला एक व्हिडिओ तासाभरात दोन राजधान्यांत पोहोचतो. 'हकीकत'मधली चौकी आणि 'थर्टीन डेज'मधली खोली आता एकमेकांपासून फार दूर राहिलेल्या नाहीत. खोलीतल्याने चौकी ओळखली पाहिजे आणि चौकीवरल्याने खोली.

म्हणून युद्धपट पाहताना तीन प्रश्न विचारावेत. कॅमेरा कोणाच्या खांद्यावरून बघतो आहे? जो पडद्यावर नाही, त्याला त्या दिवशी काय हवे होते? आणि त्याच तारखेला जगात दुसरीकडे काय चालले होते? माजी सैनिक मित्रांना एक विनंती आहे. १९६२, ६५ किंवा ७१ पाहिलेले कोणी तुमच्या घरात, गावात असतील, तर एखादा चित्रपट त्यांच्याबरोबर बसून पाहा. मध्येच ते म्हणतील, "असं नव्हतं रे." तिथे चित्रपट थांबवा आणि त्यांना बोलू द्या.