मुलूखमैदान गेली, परांडा राहिला

मराठवाड्याला समुद्र नाही. तरीही सोळाव्या शतकातील उस्मानी तुर्कांची विद्या येथवर पोहोचली, आणि ती आरमारातून आली नाही. १५३८ मध्ये हादिम सुलेमान पाशाचे आरमार दीवच्या पोर्तुगीज किल्ल्यासमोरून हात हलवत परतले. तोफा ओतणारी आणि डागणारी तुर्की माणसे मात्र गुजरात आणि दख्खनच्या दरबारांत चाकरीला होती. त्यांना येथे ‘रूमी’ म्हणत. रूम म्हणजे इटलीतील रोम नव्हे, तर जुन्या पूर्व रोमन साम्राज्याची, पुढे उस्मानांकडे गेलेली भूमी.

१५४९ मध्ये निजामशाहीसाठी अहमदनगरला मुलूखमैदान ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी हत्तीला गिळणाऱ्या श्वापदाचा जबडा. तोफेवरील लेखात घडविणाऱ्याचे नाव आहे : मुहंमद बिन हुसेन रूमी. राजाच्या नावाशेजारी कारागिराचे नाव कोरले जाणे, हा त्या विद्येला मिळालेला मानच. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफखाना चलबी रूमी खानाच्या हाताखाली होता. त्याने तोफांत तांब्याची नाणी ठासून ती अगदी जवळून डागल्याचे फरिश्ता सांगतो.

पुढे मुलूखमैदान परांड्याच्या किल्ल्यात होती. हा किल्ला भुईकोट, त्याला डोंगराचा आधार नाही. म्हणून संरक्षणाचा सारा भार बांधणीवर : रुंद खंदक, दुहेरी तट, वळणावळणाचा प्रवेशमार्ग. बाहेरचा तट ठेंगणा, त्यामुळे आतल्या उंच बुरुजांवरील तोफांना त्याच्या माथ्यावरून मारा करता येई. शत्रूला मात्र आधी खंदक, मग एक तट आणि त्यानंतर दुसरा तट पार करावा लागे.

१६३२ मध्ये मुरार पंडिताने ही तोफ विजापूरला नेली. तेथे ती शेरझा बुरुजावर चढली आणि आजही पाहणारे तिच्याच आकाराने थक्क होतात. परांड्याकडे त्या मानाने कमी लोक वळतात. वास्तविक लष्करी दृष्टीने मोठी गोष्ट तेथे घडली. तोफ असताना, १६३१ मध्ये, आझम खानाच्या मुघल फौजेला वैरणीच्या टंचाईमुळे वेढा उठवावा लागला होता. तो दुष्काळाचा काळ होता. तेव्हा श्रेय तोफेचे की उपासमारीचे, असा वाद घालता येईल. १६३४ मध्ये शाहजादा शुजा आणि महाबत खान पुन्हा चालून आले. मुलूखमैदान तेव्हा विजापुरात होती. सुरुंग लावले गेले, चकमकी झाल्या, मुघल सरदारांत आपसांत धुसफुस वाढली. आणि पावसाळा तोंडावर येताच ही फौजही बुऱ्हाणपूरकडे परतली.