व्हिएतनाम, गनिमी कावा आणि दोन बाणांचा फॉरवर्ड

फेब्रुवारी लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. तुम्हालाही आला असेल. एवढ्याशा व्हिएतनामने बलाढ्य अमेरिकेला हरवलं. पत्रकारांनी तिथल्या राष्ट्राध्यक्षांना विजयाचं रहस्य विचारलं, तर त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव घेतलं. पुढे ते वारले तेव्हा त्यांच्या समाधीवर, हा महाराजांचा मावळा होता, असं कोरलं गेलं. आणखी काही वर्षांनी व्हिएतनामच्या परराष्ट्रमंत्री भारतात आल्या, रायगडावर गेल्या आणि तिथली माती सोबत घेऊन गेल्या. शेवटी अर्थातच, अभिमान वाटला तर पुढे पाठवा.

मी अवसरी खुर्दचा. शिवनेरी इथून गाडीने तासाभरावर. शिवजयंतीला ज्योत आणायला मंडळाच्या पोरांबरोबर मीही गेलोय. इंजिनिअरिंग गावातल्याच सरकारी कॉलेजात झालं आणि तिथे दुसऱ्या वर्षाला असताना हाच मेसेज मी माइकवर आवाज चढवून म्हणून दाखवला होता. टाळ्या पडल्या. यंदा माझ्या चुलत बहिणीने, ती अकरावीला आहे, वक्तृत्व स्पर्धेसाठी जवळपास तेच भाषण लिहून मला पाठवलं. खाली एक ओळ होती: "दादा, परीक्षकांनी विचारलं की हे कुठे वाचलं, तर काय सांगू?"

मला सांगता येईना. मग दोन रात्री बसून तो मेसेज तपासला. मोबाइलवर जे जे करता येतं तेवढंच वापरलं. तुम्हीही करून बघू शकता.

आधी ते दोन बाण

व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकललेल्या मेसेजला एक बाण दिसतो. तो मूळ पाठवणाऱ्यापासून पाच किंवा जास्त हात फिरून आला असेल, तर दोन बाण दिसतात, आणि एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. कंपनीला मजकूर वाचता येत नाही. किती वेळा पुढे गेला एवढा आकडा मेसेजबरोबर फिरतो. म्हणजे दोन बाण 'खोटं आहे' असं सांगत नाहीत, 'फार फिरलंय' एवढंच सांगतात. आणि कोणी मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की आकडा पुन्हा शून्यावर येतो. त्यामुळे बाण नाहीत म्हणून मेसेज ताजा, असंही समजू नका.

दुसरी गोष्ट मी केली ती शोधाची. मेसेजमधलं एक पूर्ण वाक्य दुहेरी अवतरणात टाकून गुगल केलं. पानंच्या पानं निघाली, आणि सगळीकडे तेच वाक्य, स्वल्पविरामासकट. शंभर ठिकाणी एकच वाक्य सापडणं म्हणजे शंभर पुरावे नव्हेत. तो एकच मेसेज आहे, शंभर वेळा चिकटवलेला. एकानेही वर्तमानपत्राचं नाव, तारीख किंवा मुलाखत घेणाऱ्याचं नाव दिलेलं नव्हतं.

कोणते राष्ट्राध्यक्ष?

मेसेजमध्ये राष्ट्राध्यक्षांना नाव नाही. ही जागा मला आधीच खटकायला हवी होती.

नाव घातलं की गोष्ट हलायला लागते. आपल्याला माहीत असलेले हो ची मिन्ह २ सप्टेंबर १९६९ ला वारले. सायगाव पडलं ३० एप्रिल १९७५ ला. म्हणजे विजयानंतरची मुलाखत त्यांनी दिलेली असू शकत नाही. त्यांचं दफनही झालेलं नाही. हनोईच्या बा दिन्ह चौकात त्यांचा देह जतन करून ठेवला आहे आणि इमारतीवर जी अक्षरं आहेत त्यांचा अर्थ 'राष्ट्राध्यक्ष हो ची मिन्ह' एवढाच. फोटो उघडून भाषांतराच्या अ‍ॅपचा कॅमेरा त्यावर धरा, तुम्हालाही वाचता येईल. विजयाच्या दिवशी राष्ट्राध्यक्ष होते तोन दुक थांग. हे नाव मी तरी कुठल्याच फॉरवर्डमध्ये पाहिलं नाही.

परराष्ट्रमंत्री बाईंचं मात्र मूळ सापडतं. न्गुएन थी बिन्ह या खऱ्याच फार मोठ्या बाई. दक्षिणेतल्या क्रांतिकारी सरकारच्या त्या परराष्ट्रमंत्री होत्या आणि २७ जानेवारी १९७३ च्या पॅरिस करारावर सही करणाऱ्या एकमेव स्त्री. पण १९७६ मध्ये देश एक झाला तेव्हा त्या शिक्षणमंत्री झाल्या. विजयानंतर 'काही वर्षांनी' परराष्ट्रमंत्री म्हणून रायगडावर येणाऱ्या बाई या हिशेबात बसत नाहीत.

बहिणीला आलेल्या मेसेजला एक फोटोही होता: घोड्यावर बसलेला वीर, खाली लिहिलेलं 'व्हिएतनाममधील महाराजांचा पुतळा'. फोटोवर गुगल लेन्स चालवली. हा पुतळा चान न्गुएन हान यांचा. सायगावच्या, म्हणजे आजच्या हो ची मिन्ह सिटीच्या, बेन थान्ह बाजारासमोर तो बरीच वर्षं होता. २०१४ मध्ये मेट्रोच्या कामासाठी तिथून हलवला. आणि मोठा करून पाहिलं तर स्वाराच्या हातात कबूतर आहे. संदेश पाठवायला हे सेनापती कबुतरं वापरत अशी तिथली आख्यायिका. मी आयुष्यभर महाराजांची चित्रं बघत आलोय, कबूतर कधी दिसलं नव्हतं. तरी फोटो मोठा करून बघायला मला इतकी वर्षं लागली.

मग ते जिंकले कसे?

इथे मी थांबू शकलो असतो. पण बहिणीच्या भाषणातला मधला परिच्छेद, 'गनिमी काव्याने महासत्ता लोळवली' हा, मला जास्त महत्त्वाचा वाटला. कारण तो धड खोटाही नाही आणि धड खराही नाही.

फ्रान्सविरुद्धच्या युद्धाचा निकाल लावणारी लढाई दिएन बिएन फूची. नोव्हेंबर १९५३ मध्ये फ्रेंचांनी लाओसच्या सीमेजवळच्या एका खोऱ्यात छत्रीधारी सैनिक उतरवले, धावपट्टी ताब्यात घेतली आणि पक्का तळ उभारला. हिशेब असा की शत्रू उघड्यावर लढायला येईल आणि तोफांनी भाजून निघेल. भोवतालच्या डोंगरांवर तोफा चढवणं कोणाला जमणार नाही, हे गृहीत होतं. व्हिएतनामी सेनापती व्हो न्गुएन झाप यांनी त्या तोफा सुट्या करून, माणसांनी दोरांनी ओढत, डोंगरात नेल्या आणि खणून आत बसवल्या. रसद आली हजारो हमालांच्या पाठीवरून आणि सुमारे २० हजार सायकलींवरून. सायकलच्या हँडलला बांबू बांधायचा, वर बसायचं नाही, बाजूने ढकलत न्यायची. अशा एका सायकलवर २०० किलोहून जास्त ओझं जायचं.

या लढाईतला माझा आवडता दिवस २६ जानेवारी १९५४. हल्ल्याची सगळी तयारी झालेली, झटपट घाव घालायचा बेत ठरलेला, आणि झाप यांनी तो बेत रद्द केला. ओढून नेलेल्या तोफा मागे घ्यायला लावल्या. सैनिकांची काय अवस्था झाली असेल! पण पुढचे दीडेक महिने तयारी करून १३ मार्चला हल्ला सुरू झाला. दोन-अडीच आठवड्यांत धावपट्टी निकामी झाली, चर रोज थोडे थोडे पुढे सरकत राहिले आणि ७ मे रोजी तळ पडला. ५६ दिवस. याला गनिमी कावा म्हणता येत नाही. हा सरळ वेढा आहे, तोही मोठ्या फौजेने घातलेला.

अमेरिकेच्या वेळी चित्र मिसळलेलं होतं. खेड्यात आणि जंगलात छापे, कु चीची भुयारं, हे सगळं होतंच. पण त्यामागे लाओस-कंबोडियातून येणारी हो ची मिन्ह वाट होती. ती तोडण्यासाठी अमेरिकेने एकट्या लाओसवर २० लाख टनांहून जास्त बाँब टाकले आणि १९६८ पासून जंगलात झाडासारखे दिसणारे सेन्सर पेरले. ट्रकची धडधड ऐकून ते विमानांमार्फत थायलंडमधल्या कॉम्प्युटर केंद्राला कळवायचे. (या सेन्सरांवर स्वतंत्र लेख लिहायचाय. माझ्या धंद्याचा विषय आहे.) तरी वाट वाहतच राहिली.

मग तेत. तेत म्हणजे त्यांचं नववर्ष, त्या दिवसांत युद्ध थांबवायची रीत. १९६८ च्या जानेवारीअखेर नेमक्या त्या सणात शंभराहून अधिक शहरं आणि गावांवर एकदम हल्ला झाला. सायगावच्या अमेरिकन वकिलातीच्या आवारात लढाई पोचली. लष्करी हिशेबाने हल्लेखोर हरले. त्यांचे प्रचंड लोक मेले, घेतलेली ठिकाणं हातची गेली. पण युद्ध संपत आलंय असं ऐकत असलेल्या अमेरिकन जनतेने टीव्हीवर हे बघितलं, आणि ३१ मार्चला अध्यक्ष जॉन्सन यांनी आपण पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं. शेवटही बघा. १९७५ मध्ये सायगावच्या राजवाड्याचं फाटक तोडून आत शिरले ते रणगाडे.

तर हे सगळं ते शिकले कुठे? झाप सेनापती होण्याआधी इतिहासाचे शिक्षक होते आणि त्यांच्या देशाचा इतिहास याच गोष्टींनी भरलेला आहे. १२८८ मध्ये बाख दांग नदीच्या पात्रात टोकदार खांब पुरून, ओहोटी साधून, त्यांनी मंगोल आरमार अडकवलं. १४१८ ते १४२७ ले लोई यांनी चिनी मिंग सत्तेशी डोंगरातून झुंज दिली. कबूतरवाले चान न्गुएन हान त्यांचेच सेनापती. १७८९ मध्ये क्वांग चुंग यांनी चिनी फौजेवर अचानक हल्ला केला, तोही तेतच्या सणात. यातले पहिले दोन प्रसंग तर महाराजांच्या जन्माच्या, १६३० च्या, कितीतरी आधीचे.

सारखं दिसतं ते का?

बहिणीने फोनवर विचारलं, "पण दादा, सारखं आहे की नाही?" आहे. फेब्रुवारी १६६१ ला उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज घाट उतरून खाली अडकली आणि वर मराठे होते. दिएन बिएन फूलाही फ्रेंच खाली होते आणि उंचावर झाप. पण दोन प्रोग्रॅम एकाच कामाचे असले की ते सारखे दिसतातच. कॉपी सिद्ध करायला तीच विचित्र नावं, तीच चूक, असं काहीतरी दाखवावं लागतं. इथे तसं काही कोणी दाखवलेलं नाही. 'झाप यांनी महाराजांचं नाव कधीच ऐकलं नव्हतं' हे मी सिद्ध करू शकत नाही, आणि ते माझं कामही नाही. जो दावा करतो त्याने कागद दाखवायचा.

कागद असलेली नाती वेगळी आहेत, आणि तीही कमी नाहीत. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर युद्धबंदीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड. फेब्रुवारी १९५८ मध्ये हो ची मिन्ह स्वतः भारतात येऊन गेले.

आणि आमच्या भागासाठी तर १६५७ पुरे आहे. महाराज तेव्हा २७ वर्षांचे. जुन्नर मोगलांकडे. रात्री दोराच्या शिड्यांनी तटावर चढून त्यांच्या माणसांनी पहारा कापला आणि २०० घोडे, ३ लाख होन घेऊन निघून गेले. अवसरीतून जुन्नरला जाताना आम्ही नारायणगावला वडापाव खायला थांबतो, पण हा छापा किती जणांना माहीत आहे? मला शाळेत असताना माहीत नव्हता, व्हिएतनामचा मेसेज मात्र पाठ होता.

बहिणीने रायगडच्या मातीचा परिच्छेद काढला आणि जुन्नर घातलं. व्हिएतनाम ठेवलं, पण सायकलींसाठी. आमचे आप्पा, म्हणजे तिचे वडील, दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. "एवढं शिकून हेच शोधलंस का," म्हणाले. स्पर्धेत तिचा नंबर आला नाही. परीक्षकांनी कुठे वाचलं ते विचारलंच, आणि तिने पुस्तकाचं नाव सांगितलं.

१९ तारखेला मेसेज पुन्हा आला, दुसऱ्या ग्रुपवरून. या वेळी एकही बाण नव्हता. कोणीतरी नव्याने चिकटवला होता, आणि फोटो कडेने असा कापला होता की कबूतर दिसत नव्हतं.