एनआरआय आणि ओसीआय यांना आधार कार्ड मिळतं का? नियम काय सांगतो?

डिसेंबर-जानेवारीत परदेशातली मंडळी सुट्टीला घरी येतात. लग्नं, कुलदैवताचं दर्शन, बँकेची कामं असं सगळं दोन-तीन आठवड्यांत उरकायचं असतं. त्यात हमखास कुणीतरी विचारतं, "आधार काढलंस की नाही? नाहीतर पॅन बंद होईल हं!" फॅमिली ग्रुपवर तसा मेसेजही फिरत असतो. मग धावपळ सुरू होते.

समजा, एक मराठी कुटुंब टेक्सासमध्ये राहतं. आई तिथे नोकरी करते, पण तिचा पासपोर्ट अजून भारतीय आहे. बाबांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय आणि त्यांच्याकडे ओसीआय कार्ड आहे. मुलगा तिथेच जन्मला, त्याचा पासपोर्ट अमेरिकन आणि त्याच्याकडेही ओसीआय कार्ड. तिघं तीन आठवड्यांसाठी पुण्याला आली आहेत. या तिघांपैकी आधार काढता येईल फक्त आईला.

असं का? हा नियम समजला की बाकीचा गोंधळ आपोआप सुटतो.

आधार कुणासाठी आहे?

आधार हे नागरिकत्वाचं कार्ड नाही. ते रहिवाशाचं कार्ड आहे. २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम ३ नुसार आधार मिळण्याचा हक्क 'रहिवाशाला' आहे. रहिवासी कोण? तर अर्ज करण्याच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत जी व्यक्ती एकूण १८२ दिवस किंवा त्याहून जास्त काळ भारतात राहिली आहे, ती. हे दिवस सलग असायला हवेत असं नाही, एकूण बेरीज धरली जाते.

याच कायद्याचं कलम ९ सांगतं की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. म्हणूनच भारतात राहणाऱ्या परदेशी व्यक्तीलाही आधार मिळू शकतं आणि परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाकडे ते नसू शकतं.

यामागे इतिहास आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. ज्यांच्याकडे धड कुठलाच कागद नाही, त्यांना ओळख मिळावी आणि सरकारी योजनांचा लाभ थेट पोहोचावा, हा त्यामागचा विचार होता. परदेशात स्थायिक झालेला माणूस या चित्रात नव्हताच.

मग नागरिकांसाठी वेगळं राष्ट्रीय ओळखपत्र आहे का? नागरिकत्व कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने कलम १४ए आलं. प्रत्येक नागरिकाची नोंदणी करून त्याला ओळखपत्र देण्याची तरतूद त्यात आहे. पण देशभर असं कार्ड वाटलं गेलेलं नाही. त्यामुळे रोजच्या व्यवहारात ती जागा आधारने घेतली आणि 'आधार म्हणजे नागरिकत्व' हा समज पक्का झाला.

एनआरआयना सूट कधी मिळाली?

१८२ दिवसांची अट एनआरआयना जाचक होती. वर्षातून जेमतेम महिनाभर येणारा माणूस ती पूर्ण करणार कशी? जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी भारतीय पासपोर्ट असलेल्या एनआरआयना भारतात आल्यावर वाट न पाहता आधार देण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तसा नियम लागू झाला.

म्हणजे वरच्या उदाहरणातली आई विमानतळावरून घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी आधार केंद्रावर जाऊ शकते. मात्र पासपोर्टची मुदत संपलेली नसावी.

केंद्रावर जाताना काय लक्षात ठेवायचं?

• बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांचं स्कॅन आणि फोटो द्यावा लागतो. त्यामुळे नोंदणी भारतातल्या केंद्रावर प्रत्यक्ष जाऊनच होते.

• 'मी एनआरआय आहे' हे ऑपरेटरला आधीच सांगा. ओळखीचा पुरावा म्हणून भारतीय पासपोर्टच लागतो. ईमेल आयडी देणंही बंधनकारक आहे.

• जानेवारी २०२४ पासून फॉर्म वेगवेगळे आहेत. प्रौढ एनआरआयकडे भारतातल्या पत्त्याचा पुरावा असेल तर फॉर्म १, परदेशातला पत्ता द्यायचा असेल तर फॉर्म २. मुलांसाठी वयानुसार वेगळे फॉर्म आहेत.

• मोबाइल नंबर शक्यतो भारतातला द्या. परदेशी नंबरवर एसएमएस जात नाही आणि आधारची बरीचशी ऑनलाइन कामं ओटीपीवर चालतात. परत गेल्यावर ते सिम चालू ठेवायला विसरू नका.

• पहिल्यांदा आधार काढायला पैसे लागत नाहीत. पण क्रमांक त्याच दिवशी मिळत नाही. नोंदणीची पावती जपून ठेवा.

• लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांचा नाही, तर मुलाचा स्वतःचा पासपोर्ट बघितला जातो. मूल परदेशात जन्मलं असलं तरी त्याच्याकडे वैध भारतीय पासपोर्ट असेल, तर ते एनआरआय म्हणून पात्र ठरतं.

ओसीआय कार्ड असेल तर?

'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' या नावात सिटिझन शब्द असल्यामुळे अनेकांना हे दुहेरी नागरिकत्व वाटतं. ते तसं नाही. भारतात दुहेरी नागरिकत्वाची सोयच नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. ओसीआय कार्डामुळे व्हिसाशिवाय ये-जा करता येते, इथे राहता येतं. पण मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

आधारच्या दृष्टीने ओसीआय कार्डधारक हा परदेशी नागरिक आहे. २०१९ ची सूट त्याला लागू नाही. त्याला १८२ दिवसांची अट पूर्ण करावीच लागते. निवृत्तीनंतर इथे येऊन राहिलेले किंवा आई-वडिलांच्या आजारपणासाठी सहा महिन्यांहून जास्त काळ थांबलेले ओसीआयधारक ती पूर्ण करू शकतात. अर्जासोबत परदेशी पासपोर्ट, ओसीआय कार्ड आणि ईमेल लागतो. त्यांना मिळणारं आधार १० वर्षांसाठी वैध असतं.

उदाहरणातले बाबा आणि मुलगा इथेच अडतात. घर एकच, आडनाव एकच, पण पासपोर्ट वेगळा. जुना भारतीय पासपोर्ट घरात पडलाय म्हणून तो दाखवून आधार काढू नका. परदेशी नागरिकत्व घेतल्यावर तो पासपोर्ट सरकारकडे जमा करायचा असतो.

गोव्यात हा प्रश्न वेगळा का आहे?

गोवा, दमण आणि दीवमध्ये १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या कायद्यानुसार तिथलं नागरिकत्व मिळवण्याचा मार्ग खुला आहे. त्यातून पोर्तुगालचं राष्ट्रीय ओळखपत्रही मिळतं. अनेक गोवेकर याच वाटेने युरोपात गेले.

पण तिथलं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, मग माणूस लिस्बनला राहो की मडगावात. गोव्यात कायम राहणारा असा माणूस १८२ दिवसांची अट पूर्ण करतो. त्याच्याकडे आधार असूही शकतं. पण त्या आधारवरून तो भारतीय नागरिक ठरत नाही.

आधार नसेल तर पॅन बंद होतं का?

सगळ्यात जास्त घबराट याच प्रश्नावरून होते. ११ मे २०१७ च्या अधिसूचनेनुसार आयकर कायद्याच्या दृष्टीने जे अनिवासी आहेत किंवा जे भारताचे नागरिक नाहीत, त्यांच्याकडे आधार नसेल तर पॅन-आधार जोडणीची सक्ती त्यांना लागू नाही.

मग १ जुलै २०२३ नंतर अनेक एनआरआयचे पॅन निष्क्रिय का झाले? कारण आयकर खात्याच्या नोंदीत ते अजून 'निवासी' म्हणूनच होते. वर्षानुवर्षं विवरणपत्र भरलेलं नाही, परदेशात गेल्याचं कळवलेलं नाही, मग खात्याला कळणार कसं? अशांनी आपल्या कर निर्धारण अधिकाऱ्याकडे निवासी दर्जा बदलण्याची माहिती द्यावी, असं खात्याने तेव्हा सांगितलं होतं.

पॅन निष्क्रिय राहिलं तर रिफंड अडकतो आणि टीडीएस जास्त दराने कापला जातो. गावाकडचा फ्लॅट विकताना किंवा ठेवींवरच्या व्याजावर हा फटका मोठा बसू शकतो. म्हणून आधारच्या रांगेत उभं राहण्याआधी आयकर पोर्टलवर आपला दर्जा काय दिसतो, ते तपासा.

मतदानासाठी आधार लागतं का?

नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व न घेतलेल्या एनआरआयना फॉर्म ६ए भरून पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं. त्यांना मतदार ओळखपत्र दिलं जात नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रावर मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो.

थोडक्यात

• भारतीय पासपोर्ट असेल तर भारतात आल्यावर लगेच आधार काढता येतं. काढलंच पाहिजे असं नाही.

• परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय असेल तर आधी १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहावं लागतं.

• आधार असलं तरी त्यावरून कुणी भारतीय नागरिक ठरत नाही आणि ते नसल्याने कुणाचं नागरिकत्व जात नाही.

पुढच्या वेळी ग्रुपवर "सर्व एनआरआयनी तातडीने आधार काढावे" असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा, "पासपोर्ट कुठला आहे?"