परवानगीशिवाय सभा

गुलमंडीला सभांची सवय आहे. सुपारी हनुमान, टिळक पथ, मच्छली खडक... या सगळ्या गर्दीत निवडणूक आली, जयंती आली, गणपती आले की कुठेतरी स्टेज उभं राहतं आणि ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ सुरू होतं. वक्ता तासभर उशिरा येतो, हारतुऱ्यांत अर्धा तास जातो आणि दहाला माईक बंद करायचा म्हणून मुख्य भाषण गुंडाळलं जातं. आपल्याला वाटतं, हे असंच चालत आलंय.

तर मंडळी, नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपलं शहर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथे ‘गश्ती क्रमांक ५३’ नावाचं एक प्रकरण होतं. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढा, असा त्याचा अर्थ. राजकीय सभेला ती मिळणं जवळपास अशक्यच. सरकारचा कारभार उर्दूत आणि बहुसंख्य लोक बोलणार मराठी, तेलुगू, कन्नड.

मग लोकांनी काय केलं? पहिला मार्ग म्हणजे संस्थानाबाहेर जाऊन बोलणं. हैदराबाद राजकीय परिषदेचं पहिलं अधिवेशन १९२३ साली काकीनाड्याला भरलं, काँग्रेसच्या अधिवेशनाला जोडून. पुढची मुंबईला (१९२६), पुण्याला (१९२८) आणि अकोल्याला (१९३१). म्हणजे प्रश्न परभणी-औरंगाबादचे आणि सभा अकोल्यात! ठराव होत, वर्तमानपत्रांत बातमी येई, पण ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो शेतकरी तिथे नसे. रेल्वेचं भाडं परवडणारेच श्रोते. सभेची आखणी करताना पहिला प्रश्न ‘काय बोलायचं’ हा नसून ‘कोणाला ऐकवायचं’ हा असतो, हे त्या पिढीला फार महागात कळलं.

दुसरा मार्ग घरातच, पण दुसऱ्या नावाने. शाळा, वाचनालयं, गणेशोत्सव. आपल्या औरंगपुऱ्यातली सरस्वती भुवन १९१५ ची. अशा ठिकाणी भाषा, शिक्षण, संस्कृती यावर बोलता बोलता माणसं बोलायला आणि ऐकायला शिकली. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं, ते थेट संस्थानाच्या आत. पुढच्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर ती नीट स्थापन होण्याआधीच बंदी आली, आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये स्वामी रामानंद तीर्थांनी सत्याग्रह केला. सत्याग्रहीचं भाषण किती लांब असणार? पोलीस येईपर्यंत. दोन-चार वाक्यं, एक घोषणा, की अटक. नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटर कॉलेजच्या मुलांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटलं. ते लोण थेट उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेलं आणि काढून टाकलेल्या अनेक मुलांना नागपूर विद्यापीठाने जागा दिली.

मला मात्र सगळ्यात जास्त शिकवून जाते ती त्याच वर्षातली तिसरी गोष्ट. ३० डिसेंबर १९३८, मक्रणपूर, कन्नडच्या जवळ. भाऊसाहेब मोरे यांनी तिथे मराठवाड्यातल्या दलितांची परिषद भरवली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बोलावलं. निजामी हद्दीत त्यांच्या भाषणाला मनाई होती, म्हणून शहर सोडून ही कडेची जागा निवडली. कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव, म्हणजे तेव्हाचा ब्रिटिश खानदेश. पोलिसांचा पहारा चुकवत, शिवना नदी ओलांडत लोक आले असं सांगतात. आणि मंच? विटांचा. तो आजही जपलेला आहे आणि दरवर्षी ३० डिसेंबरला तिथे लोक जमतात.

‘जय भीम’ हे अभिवादन याच परिषदेत भाऊसाहेबांनी दिलं, असं मराठवाड्यात मानतात. विदर्भातली मंडळी त्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदासांना देतात. तो वाद इथे नको. मुद्दा असा की माणसं पायी परत गेली तेव्हा त्यांच्या तोंडी दोन शब्द होते. ते म्हणायला ना कागद लागत होता, ना शाळा, ना परवानगी.

यशस्वी सभेची माझी व्याख्या तिथून आली. जागा, वेळ, मंच, आवाज ही सगळी तयारी हवीच. पण शेवटी ऐकणारा घरी काय घेऊन जातो, हे महत्त्वाचं.

आणि ही गोष्ट दुधारी आहे, हेही आपल्या शहराइतकं कोणाला ठाऊक असणार? ८ मे १९८८ ला मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर बाळासाहेब ठाकरे यांनी शहराला ‘संभाजीनगर’ म्हटलं. लोक तो शब्द घरी घेऊन गेले. काहींना तो आपला वाटला, काहींना आपल्याविरुद्धचा. त्याच महिन्यात शहरात दंगलही झाली. सरकारी कागदावर नाव बदलायला २०२३ साल उजाडलं, पण गुलमंडीवरच्या बोलण्यात दोन्ही नावं कधीपासूनच होती. एका भाषणातला एक शब्द पस्तीस वर्षं चालतो, म्हणजे बघा.

घरातल्या भाचे-पुतण्यांना १७ सप्टेंबरला शाळेत मुक्तिसंग्रामावर बोलायला सांगतात आणि फोन माझ्याकडे येतो. त्या सगळ्यांसाठी एकदाच लिहून ठेवते. नावांची यादी पाठ करू नका. एकच प्रसंग निवडा, परतूर घ्या किंवा मक्रणपूर. समोर कोण बसलंय ते आधी बघा. पाचवीची मुलं असतील तर गश्ती म्हणजे काय ते पहिल्याच वाक्यात सांगा. पाच मिनिटं मिळाली तर चारच बोला. आणि शेवटचं वाक्य असं ठेवा, की मधल्या सुट्टीत डबा खाताना एखाद्याला ते आठवेल. ते वाक्य लिहिण्याआधी मात्र वर्गातल्या प्रत्येकाला ते कसं ऐकू येईल, याचा एकदा विचार करा.