लवंगेविना विडा

मस्जिद बंदरला मसाल्याच्या एका पेढीवर माझे आजोबा तोलार होते. त्यांच्यामागून वडील लागले आणि पुढे एकतीस वर्षं मीही तिथेच काढली. वेलदोडे, मिरी, जायफळ, सगळंच काट्यावर यायचं. पण घरात गोष्टी निघायच्या त्या लवंगेच्या. त्यातली आजीची एक तर मी पाळण्यापासून ऐकत आलोय.

१९३८ च्या आरंभी माझ्या थोरल्या आत्याचं लग्न झालं. पंगत उठली, विड्यांचं तबक फिरलं, तर एकाही विड्याला लवंग नाही. आजीनं हिराच्या काडीचे तुकडे टोचले होते. वरपक्षाकडच्या एक बाई म्हणाल्या, "एवढ्याशा लवंगेत कसली काटकसर, विहीणबाई?" आजी म्हणाली, "काटकसर नाही हो, बहिष्कार आहे. आमच्या घरचा माणूस लवंग तोलतो. आम्हीच नाही पाळला तर कोण पाळणार?"

मिठाचा सत्याग्रह शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. मुंबईनं लवंग टाकली होती हे मात्र आता कोणी सांगत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लवंगेचं माहेर इंडोनेशियाच्या पूर्वेला, मोलुक्का बेटांत. तेर्नाते, तिदोरे, माकियान अशी ती चिमुकली बेटं. कालिदासाच्या रघुवंशात, सहाव्या सर्गात, दुसऱ्या द्वीपांवरून वाऱ्यानं आणलेल्या लवंगेच्या फुलांचा उल्लेख आहे. म्हणजे ही समुद्रापलीकडची वस्तू, हे आपल्याला तेव्हाही माहीत होतं. सतराव्या शतकात डचांनी तिची लागवड अंबोन आणि जवळच्या काही बेटांपुरती ठेवली आणि भाव पडू नये म्हणून बाकीकडची झाडं तोडून काढली. अखेर १७७० मध्ये प्येर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्यानं चोरून रोपं मिळवली आणि ती मॉरिशसला रुजवली. (प्वाव्र म्हणजे फ्रेंचमध्ये मिरी.) पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लवंग झांझिबारला पोचली.

तिथे ओमानचा सुलतान सय्यद सईद यानं जमीनदारांना फर्मावलं की एका नारळामागे लवंगेची तीन झाडं लावा. झाडं लावली, पण कळ्या खुडणार कोण? लवंग म्हणजे न उमललेली कळी. हिरवी कळी गुलाबी व्हायला लागली की खुडायची. उमलली की तिचं मोल गेलं. शिवाय सगळ्या कळ्या एकदम तयार होत नाहीत, म्हणून तीस-चाळीस फुटी झाडावर पुन्हापुन्हा चढायचं. हे काम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून करून घेतलं गेलं. झांझिबारचा गुलामांचा बाजार १८७३ मध्ये बंद झाला, आणि गुलामी कायद्यानं संपायला १८९७ उजाडलं. त्याआधी, १८७२ च्या वादळानं झांझिबार बेटावरच्या बहुतेक बागा झोपवल्या. शेजारचं पेंबा बरंचसं वाचलं, आणि तेव्हापासून झांझिबारची म्हणून विकली जाणारी लवंग मुख्यतः पेंबाचीच.

या व्यापाराची पेठ आपल्या लोकांच्या हातात होती. कच्छी-गुजराती व्यापारी बागाईतदारांना कर्ज देत, माल उचलत आणि मुंबईला पाठवत. मंदीत भाव कोसळले, बागा गहाण पडत गेल्या. मग तिथल्या ब्रिटिश सरकारनं कायदे केले, आणि १९३७ च्या कायद्यानं निर्यातीच्या लवंगेच्या खरेदीचा मक्ता एकट्या लवंग उत्पादक संघाला दिला. पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यापारी एका फटक्यात बाहेर. तेव्हा काँग्रेसनं हिंदुस्थानात झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला. हिंदुस्थान तर त्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक! आजोबा सांगत, स्वयंसेवक दुकानांच्या पायऱ्यांवर बसून राहत, आणि वखारीतली पोती हलेनात. तोलाराची मजुरी पोत्यामागे. ते महिने घरात एकवेळची चूल पेटली. मे १९३८ मध्ये तडजोड झाली आणि निर्यातीची वाट व्यापाऱ्यांना पुन्हा मोकळी झाली.

मी व्यापाऱ्यांच्याच अन्नावर वाढलो. तरी सांगतो, बागाईतदारांच्या मानेवरचं कर्जही खोटं नव्हतं. आणि झाडावर चढणाऱ्याला या भांडणात कोणीच विचारलं नाही.

वडिलांनी मला लवंग पारखायला शिकवलं ते पेढीच्या ओट्यावर. पोत्यात पारखी घालून वानगी काढायची आणि तळहातावर पसरायची. डोक्याची गोळी शाबूत हवी, चार टोकं तिला घट्ट धरून हवीत, रंग तांबूस तपकिरी हवा. काळपट, सुरकुतलेली दिसली तर वाळवताना भिजली असं समजावं. मग देठावर नख दाबायचं. चांगल्या लवंगेतून तेल ओलावून येतं, नखाला वास दिवसभर राहतो. तरीही शंका असली तर पाण्याचा पेला: खरी लवंग बुडते किंवा डोकं वर करून उभी तरंगते, तेल काढून घेतलेली आडवी पडते. अशा आडव्या लवंगा मी किरकोळ दुकानांत किती पाहिल्या आहेत!

ते तेलच तर सगळं आहे. उत्तम लवंगेत ते वजनाच्या १५ ते २० टक्के असतं आणि त्यातलं बहुतेक युजेनॉल. दाढ दुखली की आजी लवंग चावून धरायला सांगायची; बधिरपणा येतो तो याच युजेनॉलनं. दंतवैद्य दाढेत तात्पुरतं भरण्यासाठी जस्ताच्या भस्मात हेच मिसळत आले आहेत. पण त्यानं कळ थांबते, कीड नाही. दाढ दाखवायलाच हवी. आणि लवंगेचं तेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेलं तर यकृताला धोका होतो.

आजही लवंग हातानेच खुडतात. चटयांवर उन्हात वाळवल्यावर तीन किलो कळ्यांची जेमतेम एक किलो लवंग उरते.