कुलूप होतं, पण लावलेलं नव्हतं

११ ऑगस्ट २००३ पासून जगभरातल्या विंडोज एक्सपीच्या पडद्यांवर एक लहानशी चौकट झळकू लागली. आत उलटी मोजणी: ६०, ५९, ५८... मिनिट संपलं की संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा आणि इंटरनेट जोडलं की थोड्याच वेळात तीच चौकट परत हजर. हा ब्लास्टर नावाचा ‘वर्म’. कुणी ईमेल उघडावी किंवा फाइल डाउनलोड करावी, याची त्याला गरजच नव्हती. संगणक नेटला जोडलेला असला की पुरे.

त्यावरचा उतारा मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच, म्हणजे जवळपास चार आठवडे आधी दिला होता. पण मन विषण्ण करणारी बाब वेगळीच आहे. ब्लास्टरला दारातच अडवू शकेल अशी फायरवॉल एक्सपीमध्ये २००१ पासून होती. नेटवर्क कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये जायचं, ‘ॲडव्हान्स्ड’वर टिचकी मारायची आणि एका रिकाम्या चौकोनात खूण करायची, एवढंच काम. असंख्य घरांत तो चौकोन रिकामाच राहिला, कारण तो आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं.

घरच्या संगणकाच्या सुरक्षेचा इतिहास बहुधा व्हायरसांच्या नावांनी सांगितला जातो. खरं तर तो सांगायला हवा या रिकाम्या चौकोनाच्या बाजूने. साधन यंत्रात असणं वेगळं आणि ते आधीपासून चालू असणं वेगळं.

सुरुवातीला तर साधनंही बाहेरूनच आणावी लागत. फाइल पुसली की विंडोजच्या आधीचं डॉस तिच्या नावाचं पहिलं अक्षर बदलायचं आणि तिची जागा मोकळी धरायचं. मजकूर त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत डिस्कवर तसाच असायचा. पीटर नॉर्टन यांनी नेमकं हेच हेरलं आणि १९८२ मध्ये पुसलेली फाइल परत मिळवून देणारा प्रोग्रॅम बाजारात आणला. डॉसमध्ये ती सोय यायला १९९१ उजाडलं. १९९३ च्या डॉस ६ मध्ये अँटिव्हायरस आणि डीफ्रॅग ही दोन्ही साधनं आली, पण अँटिव्हायरस सेंट्रल पॉइंट या कंपनीकडून घेतलेला आणि डीफ्रॅग सिमँटेककडून. त्याच आवृत्तीतल्या, डिस्कवर डेटा दाबून बसवणाऱ्या डबलस्पेसने डेटा खराब होतो अशी ओरड झाली, तेव्हा त्याच वर्षअखेरीस आलेल्या ६.२ मध्ये डिस्क तपासणारं स्कॅनडिस्क देण्यात आलं. विंडोज ९५ मध्ये मात्र अँटिव्हायरस नव्हताच.

ही मोकळी जागा भरून काढणाऱ्यांमध्ये पुण्याचं नाव अभिमानाने घ्यावं लागतं. कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणक दुरुस्तीकडे वळलेले कैलास काटकर आणि प्रोग्रॅम लिहिणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात ‘क्विक हील’ घडवलं. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत तेच ते व्हायरस सापडत. त्यावरचं औषध त्याच टेबलावर तयार झालं.

तेव्हाच्या घरांतलं दुसरं दृश्य म्हणजे डीफ्रॅगचे रंगीत चौकोन. हार्ड डिस्कवर एकाच फाइलचे तुकडे विखुरले की ते वाचणाऱ्या मुंडीला इकडून तिकडे धावावं लागतं आणि पीसी रेंगाळतो. डीफ्रॅग ते तुकडे शेजारी शेजारी आणून ठेवतं. रात्री लावलेलं काम कधी कधी सकाळपर्यंत चाले. विंडोज व्हिस्टापासून हे काम आठवड्यातून एकदा आपोआप होऊ लागलं. आजच्या एसएसडीमध्ये फिरणारी तबकडी नाही आणि मुंडीही नाही, म्हणून विंडोज तिथे मुख्यतः ‘ट्रिम’ चालवतं. कोणती जागा मोकळी झाली ते डिस्कला कळवतं. पीसीचा वेग वाढवून देतो म्हणणारे जाहिरातींतले प्रोग्रॅम घरात आणण्याचं त्यामुळे काही कारण उरलेलं नाही.

ब्लास्टरनंतर मात्र वारं फिरलं. सुरक्षा ही नव्या सोयींच्या आधी, असं बिल गेट्स यांनी १५ जानेवारी २००२ च्या पत्रात कर्मचाऱ्यांना बजावलं होतंच. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला आणि फायरवॉल सगळ्यांसाठी मुळातूनच चालू झाली. या इतिहासातला सर्वांत मोलाचा बदल हाच. शोध जुनाच होता, पण तो आता माहीत नसलेल्या माणसाच्याही कामी येऊ लागला.

आपल्याकडे तोवर धोक्याची वाट बदलली होती. सायबर कॅफे, झेरॉक्सची दुकानं, कॉलेजच्या लॅब अशा ठिकाणांहून व्हायरस पेन ड्राइव्हवर बसून घरी येत. ड्राइव्हमध्ये पिवळ्या फोल्डरचं चित्र आणि ‘न्यू फोल्डर’ हे नाव दिसे. प्रत्यक्षात तो प्रोग्रॅम असे, पण विंडोज नावामागचं ‘ईएक्सई’ हे शेपूट लपवत असल्यामुळे ओळखू येत नसे. ‘ऑटोरन’मुळे काही व्हायरसांना टिचकीचीही गरज पडत नसे. पेन ड्राइव्हची ही मुभा विंडोज ७ मध्ये काढून घेतली गेली आणि फेब्रुवारी २०११ च्या अपडेटने एक्सपी व व्हिस्टामध्येही ती बंद झाली. बिनपरवाना विंडोज वापरणारे अनेक जण मात्र अपडेटच बंद ठेवत. मग शेवटी ‘फॉरमॅट मारून घ्या’ हाच सल्ला, आणि त्यात घरचे फोटोही जात.

विंडोजचा स्वतःचा राखणदार डिफेंडर २००७ च्या व्हिस्टात आला तो फक्त स्पायवेअरपुरता. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये तो पूर्ण अँटिव्हायरस झाला. बाहेरच्या कंपन्यांना हे रुचलं नाही; विंडोजच्या गाभ्यात शिरायची वाट बंद होते म्हणून मॅकॅफीने २००६ मध्येच ‘फायनान्शियल टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात दिली होती. स्पर्धा टिकावी ही त्यांची मागणी रास्त होती, आणि आजही दुसरा अँटिव्हायरस बसवला की डिफेंडर बाजूला होतो. पण वर्गणी संपल्यावर महिनोन्‌महिने उघडे पडणारे संगणक पाहता, मुळातच असलेली राखण हवीच होती.

अपडेटचंही तसंच. २०१५ पासून विंडोज १० होममध्ये ती कायमची बंद करण्याची सोय राहिली नाही. ऐन कामात संगणक रीस्टार्ट होतो म्हणून लोक वैतागले, तरी निर्णय योग्यच ठरला. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा वर्म पसरला तेव्हा त्यावरचा उतारा दोन महिने आधी आलेला होता. सापडले ते बहुतांशी अपडेट न केलेले विंडोज ७ चे संगणक.

आता विंडोज १० चीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे. घरच्या संगणकावर ते असेल, तर विंडोज ११ बसतं का ते आधी तपासा. बसत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवा. त्यानंतर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून फायरवॉल आणि डिफेंडर दोन्ही चालू आहेत ना, ते आजच पाहून घ्या.